कोर्टाचा आदेशच नव्हता, तर मुलाची मागची पोटगी मिळते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांपूर्वी परस्परसंमतीने घटस्फोट झाला, तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये) "मुलाचा ताबा आईकडे राहील, आई स्वतःसाठी व मुलासाठी पोटगी मागणार नाही" असं वाक्य आहे. वडील पुण्यात खासगी कंपनीत नोकरीला आहेत आणि अधूनमधून थोडे पैसे पाठवतात. शाळा, दवाखाना, घरभाडं हे सगळं आईच्या पगारातून चालतं. मागच्या सहा वर्षांचा वडिलांचा वाटा आता मागता येईल का?

काही भाग नक्की मागता येतो. सगळी सहा वर्षं मिळतीलच, असं धरून मात्र चालू नका. किती मिळेल हे दोन गोष्टींवर ठरतं: कोणत्या कायद्याखाली जाता आणि कोणत्या तारखेला कोर्टात अर्ज दाखल करता. दुसरी गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे आणि बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं. नोटिसा पाठवणं, नातेवाइकांची बैठक, "दिवाळीनंतर बघू" यात आठ-दहा महिने जातात आणि तेवढ्या महिन्यांची रक्कम हातातून सुटते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. कोर्टाचा पोटगीचा आदेश आहे आणि समोरचा पैसे देत नाही, ही झाली थकबाकी. आदेशच नव्हता आणि त्या काळातला खर्च आता मागायचा आहे, ही मागील काळाची पोटगी. दोन्हींना लोक "मागची पोटगी" म्हणतात, पण दोन्हींचे कायदे, मुदती आणि अर्ज वेगळे आहेत. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं आहे, म्हणून ते आधी घेतो. आदेश मिळाल्यावर थकबाकीचे नियमही लागतीलच.

कन्सेंट टर्म्समधलं ते वाक्य

या वाक्यामुळे अनेक आया वर्षानुवर्षं कोर्टाकडे फिरकतच नाहीत. निर्वाहाचा हक्क मुलाचा स्वतःचा आहे आणि आईने सही केली म्हणून तो संपत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाला पोसण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे. त्यातल्या एकाने दुसऱ्याला मुलाच्या वतीने परस्पर मोकळं केलं, तर तो करार न्यायालयं सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानतात.

मात्र दाव्याच्या शीर्षकात एक चूक हमखास होते. दावा आईच्या स्वतःच्या नावाने घातला जातो आणि मग समोरचे वकील पहिल्याच तारखेला कन्सेंट टर्म्स पुढे करतात. दावा मुलाच्या नावाने घाला: "अज्ञान अमुक, तर्फे अज्ञान पालनकर्ती आई तमुक". म्हणजे सही करणारी व्यक्ती वेगळी आणि मागणारी वेगळी, हे कागदावरच स्पष्ट होतं. कन्सेंट टर्म्स लपवू नका. त्यांची प्रत स्वतःच जोडा आणि मुलाचा हक्क त्याने बाधित होत नाही हे अर्जातच लिहा. घटस्फोटाच्या वेळी एकरकमी रक्कम किंवा मुलाच्या नावाची एफडी मिळाली असेल, तर तीही सांगा. तिने मुलाचा हक्क जात नाही, पण ती हिशोबात धरली जाईल. ती उलटतपासणीत बाहेर आली, तर बाकीच्या कागदांवरचा विश्वासही उडतो.

पहिला मार्ग: कलम १४४

पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्या तारखेआधी दाखल झालेले अर्ज जुन्याच कलमाखाली चालू आहेत. हा मार्ग कोणत्याही धर्माच्या मुलाला खुला आहे. मुस्लिम मुलांचा या कलमाखालचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात मान्य केला. गोव्यात कौटुंबिक दिवाणी बाबींना तिथली नागरी संहिता लागू असली, तरी हे कलम तिथेही चालतं.

या कलमाखाली पोटगी आदेशाच्या तारखेपासून, किंवा न्यायालयाने तसं म्हटलं तर अर्जाच्या तारखेपासून मिळते. यावर देशभर वेगवेगळे आदेश होत असत. ४ नोव्हेंबर २०२० ला राजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या कायद्यांसाठी एकच नियम ठरवला: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे खटला तीन वर्षं चालला तरी त्या तीन वर्षांची रक्कम साचत जाते. अर्जाच्या आधीचा एक महिनाही मात्र या कलमाखाली मिळत नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा: बाकी कागद गोळा होत राहतील, कलम १४४ चा अर्ज याच आठवड्यात दाखल करा. अर्ज मुलगा आणि आई राहतात त्या ठिकाणच्या न्यायालयात देता येतो, वडिलांच्या गावी जावं लागत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. मुख्य अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, आणि बहुतेकदा उशिराचं कारण नोटीस न बजावणं हे असतं. वडिलांच्या घराचा पत्ता, कंपनीचा पत्ता, ईमेल आणि मोबाइल क्रमांक हे सगळं अर्जात द्या आणि सर्व मार्गांनी नोटीस पाठवण्याची परवानगी पहिल्याच दिवशी मागा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालीही, ज्या न्यायालयाने घटस्फोट दिला तिथे मुलाच्या निर्वाहासाठी आणि शिक्षणासाठी नंतर अर्ज करता येतो. पुढच्या खर्चासाठी तो उपयोगी आहे. मागच्या काळासाठी खरा मार्ग दिवाणी दाव्याचा.

दुसरा मार्ग: मागील काळासाठी दिवाणी दावा

हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली मुलाच्या वतीने दावा घालून मागील काळाचा निर्वाह मागता येतो. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १०५ मध्ये थकलेल्या निर्वाहासाठी ३ वर्षांची मुदत दिली आहे. दावा दाखल झाला त्या तारखेपासून मागे ३६ महिने, हा तुमच्या मागणीचा भक्कम भाग. दावा एक महिना उशिरा घातला, तर मागच्या टोकाचा एक महिना गळतो.

त्याआधीच्या तीन वर्षांचं काय? मुदत कायद्याच्या कलम ६ प्रमाणे, हक्क अज्ञान मुलाचा असेल तर त्याला सज्ञान झाल्यावरही दावा करता येतो आणि कलम ८ प्रमाणे ही सवलत सज्ञान झाल्यापासून जास्तीत जास्त ३ वर्षं चालते. या आधारावर पूर्ण सहा वर्षांची मागणी मुदतीत आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो करावाही. पण त्यावर सगळा हिशोब उभा करू नका. शेवटच्या ३६ महिन्यांची रक्कम वेगळ्या परिच्छेदात आणि त्याआधीची वेगळ्या परिच्छेदात मांडा. एकत्र मांडली आणि मुदतीचा मुद्दा विरोधात गेला, तर न्यायाधीशांना तुमचा आकडा फोडत बसावं लागतं, आणि तो आकडा मग तुमच्या सोयीने फोडला जात नाही.

मुदतीपलीकडची दुसरी अडचण व्यवहारातली आहे. मूल जेवलं, शिकलं, मोठं झालं, मग आता कशाची पोटगी, हा प्रश्न समोरून येतोच आणि न्यायाधीशांच्याही मनात असतो. त्याचं उत्तर कागदांतून द्यावं लागतं. त्या काळात आईने वैयक्तिक कर्ज काढलं, सोनं गहाण ठेवलं, पीएफमधून पैसे काढले, माहेरून बँकेत रक्कम आली, फी हप्त्यांत भरली किंवा उशिरा भरून दंड दिला, यातलं जे घडलं त्याचे कागद जोडा. वडिलांनी न दिलेला वाटा कुठून तरी उसना आला, हे त्यातून दिसतं. निव्वळ "मी एकटीने सगळं केलं" या वाक्याने दिसत नाही.

"कधी मागितलंच नाही" हाही बचाव येतो. मागील निर्वाहासाठी आधी नोटीस देणं ही कायद्याची अट नाही, पण मागणी झाल्याचा पुरावा असेल तर हक्क सोडून दिला होता हा मुद्दा टिकत नाही. "शाळेची फी भरायची आहे, निम्मी पाठव" असे जुने व्हॉट्सॲप संदेश आणि ईमेल इथे कामी येतात. फक्त स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन जपून ठेवा, चॅट एक्सपोर्ट करून घ्या, फोन बदलायचा असेल तर आधी वकिलांना विचारा.

नोटीस पाठवायची तर रजिस्टर्ड एडी आणि ईमेल दोन्हींनी, १५ दिवसांची मुदत देऊन पाठवा. नोटिशीने मुदत वाढत नाही, हे लक्षात ठेवा. तिची वाट पाहत दावा थांबवू नका. वडिलांनी मुदतीच्या आत स्वतःच्या सहीने "मागचे पैसे देणं लागतो" असं लेखी कबूल केलं, तर त्या तारखेपासून नवी मुदत मोजता येते. असं पत्र हाती असेल तर ते सगळ्यात वर ठेवा.

कलम १४४ चा अर्ज आणि हा दावा दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. अट इतकीच की प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रकरणाचा उल्लेख हवा. राजनेश निकालाने तो बंधनकारक केला आहे. एकाच महिन्याची रक्कम दोनदा मिळत नाही, एका आदेशातली रक्कम दुसऱ्यात वळती होते. दाव्यासाठी ठिकाणाचा नियम वेगळा आहे: प्रतिवादी जिथे राहतो किंवा दाव्याचं कारण जिथे घडलं तिथे. वडील दुसऱ्या जिल्ह्यात असतील तर हे आधी तपासून घ्या.

आकडा कसा काढायचा

भारतात मुलाच्या पोटगीचा ठरलेला तक्ता नाही. पत्नीच्या पोटगीबाबत पगाराच्या २५ टक्क्यांचा जो उल्लेख काही निकालांत येतो, तो मुलाचं प्रमाण म्हणून वापरू नका, तुमचंच नुकसान होण्याची शक्यता जास्त. मुलाचा प्रत्यक्ष खर्च आणि दोन्ही पालकांच्या उत्पन्नाचं प्रमाण, या पद्धतीने मांडलेला आकडा टिकतो.

एक नमुना बघा. आईचा हातात येणारा पगार ४०,००० आणि वडिलांचा ८०,००० धरला, तर प्रमाण १:२. आजचा मुलाचा खर्च महिना २४,००० असेल तर वडिलांचा वाटा १६,०००. पण तीन वर्षांपूर्वी खर्च एवढा नव्हता, म्हणून वर्षवार मांडा. पहिल्या वर्षी खर्च १८,०००, वडिलांचा वाटा १२,०००, वर्षाचे १,४४,०००. दुसऱ्या वर्षी २१,००० पैकी १४,०००, वर्षाचे १,६८,०००. तिसऱ्या वर्षी २४,००० पैकी १६,०००, वर्षाचे १,९२,०००. एकूण ५,०४,०००. वडिलांनी या काळात यूपीआयने पाठवलेले किंवा शाळेत थेट भरलेले ६२,००० वजा केले की मागणी ४,४२,०००. आजचाच आकडा ३६ ने गुणून आणला, तर पहिल्या वर्षाची फीची पावती समोर ठेवून समोरचे वकील सगळा तक्ताच खोटा ठरवतात.

खर्चात काय धरायचं? शाळेची फी, बस, पुस्तकं, गणवेश, क्लास, औषधपाणी, विम्याचा हप्ता, जेवण, कपडे, आणि घरभाड्यातला व विजेतला मुलाचा हिस्सा. भाड्याचा हिस्सा बहुतेक जण विसरतात. घरात तीन माणसं असतील तर एक तृतीयांश भाडं मुलाच्या नावावर दाखवायला काहीच हरकत नाही. क्लास आणि इतर प्रशिक्षणाचा खर्चही वाजवी मर्यादेत धरावा, असं राजनेश निकालात स्पष्ट म्हटलं आहे. पावत्या हरवल्या असतील तर शाळेकडून वर्षवार फीचा दाखला लेखी अर्ज करून मागा, शाळा तो देतात. किराण्याच्या पावत्या कोणी ठेवत नाही आणि न्यायालय त्या मागतही नाही, तिथे वाजवी अंदाज चालतो.

उत्पन्नाचं शपथपत्र

राजनेश निकालापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचा नमुना वेगळा आहे. समोरच्याला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे आणि फार तर दोन संधी द्याव्यात, त्यानंतरही टाळाटाळ केली तर न्यायालय त्याचा बचाव रद्द करू शकतं. हे आपोआप होत नाही. दोन तारखा गेल्या की तुमच्या वकिलांनी तसा लेखी अर्ज द्यायला हवा.

तुमचं शपथपत्र आधी पूर्ण असू द्या. तुमचा पगार, एफडी, आई-वडिलांकडून येणारी मदत, सगळं. आई कमावते म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही, फक्त वाटा प्रमाणात ठरतो. त्यामुळे पगार कमी दाखवून फारसं काही मिळत नाही, आणि खोटं शपथपत्र दिल्याची कारवाई मात्र मागे लागू शकते.

वडिलांच्या शपथपत्रात बघायच्या जागा: पगारपत्रकात बोनस आणि प्रोत्साहन भत्ता धरला आहे का; घर आणि गाडीचे हप्ते दाखवून उत्पन्न कमी केलं आहे का; तीन वर्षांची बँक विवरणपत्रं सगळ्या खात्यांची आहेत की एकाच. न्यायालयं सहसा प्राप्तिकरासारख्या सक्तीच्या कपातीच वजा करतात, स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचे हप्ते मुलाच्या पोटाआधी धरत नाहीत. दावा दाखल होताच नोकरी सोडल्याचं पत्र येणं हाही नेहमीचा प्रकार. धडधाकट माणसाने मोलमजुरी करूनही कुटुंबाला पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात म्हटलं आहे. राजीनाम्याची तारीख आणि तुमच्या नोटिशीची तारीख शेजारी शेजारी मांडा. कंपनीकडून पगाराची नोंद मागवण्यासाठी साक्षी समन्सचा अर्ज करता येतो.

"मुलाला भेटू देत नाही, म्हणून पैसे देत नाही" हा बचाव कायद्यात बसत नाही. भेट आणि पोटगी या वेगळ्या गोष्टी आहेत. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: पैसे देत नाहीत म्हणून भेटीचा आदेश मोडू नका. त्यात मुलाची ओढाताण होते आणि न्यायालयात तुमची बाजू लंगडी पडते. वडिलांचं दुसरं लग्न झालं, नवीन मूल झालं, तर रक्कम ठरवताना ते विचारात येतं, पण पहिल्या मुलाचा हक्क जात नाही. आईने पुन्हा लग्न केलं तरीही जन्मदात्या वडिलांची जबाबदारी कायम राहते.

आदेश मिळाल्यानंतर

इथून थकबाकीचे नियम सुरू होतात आणि सगळ्यात महाग पडणारी चूकही इथेच होते. कलम १४४ च्या आदेशाची रक्कम वॉरंटने वसूल करायची, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुली अर्ज द्यावा लागतो. समजा जानेवारी २०२३ पासून दरमहा पोटगीचा आदेश आहे, एकही पैसा आला नाही आणि तुम्ही मार्च २०२५ मध्ये वसुली अर्ज दिला. वॉरंट निघेल ते मार्च २०२४ पासूनच्या महिन्यांचं. आधीचे १४ महिने या सोप्या रस्त्यातून बाहेर पडले. ते बुडाले असं मात्र नाही. पूनगोडी विरुद्ध तंगवेल (२०१३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की एक वर्षाची अट फक्त या खास वसुलीपुरती आहे, दिवाणी मार्ग खुला राहतो. पण कशाला तो लांबचा फेरा? आदेशाच्या दिवशीच कॅलेंडरवर दर सहा महिन्यांनी वसुली अर्जाची तारीख टाकून ठेवा. अर्ज प्रलंबित असताना पुढचे महिने थकले, तर तेही त्यात जोडून घ्यायचा अर्ज द्या.

थोडे थोडे पैसे येत असतील तर पावतीवर कोणत्या महिन्याचे ते लिहा, आणि देणाऱ्याने महिना सांगितला नसेल तर सर्वात जुन्या महिन्यात वळते करा. त्यामुळे शिल्लक राहणारे महिने ताजे राहतात आणि वर्षाच्या अटीत बसतात. समुपदेशकांसमोर किंवा लोकअदालतीत काही रक्कम घेऊन पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करताना "आजपर्यंतची काहीही बाकी नाही" हे शब्द शोधा. ते असतील आणि बाकी असेल तर सही करू नका. "अमुक महिन्यापर्यंतची अमुक रक्कम मिळाली, उर्वरित हक्क राखून" असं लिहून घ्या.

वॉरंट दोन प्रकारचं: जप्तीचं आणि पकड (अटकेचं). पैसे न दिल्यास एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी रक्कम भरेपर्यंत कैद होऊ शकते. शहादा खातून (१९९९) निकालानुसार एका अर्जावर एक महिन्यापेक्षा जास्त कैद नाही, पुढच्या थकबाकीसाठी नवा अर्ज करावा लागतो. तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरीही नोकरदार माणसाच्या बाबतीत मी पकड वॉरंट आधी मागायला सांगत नाही. नोकरी गेली तर पुढची पोटगीही अडते. पगारजप्ती जास्त उपयोगी आहे.

ती दिवाणी दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जात) होते. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात (दिवाणी कोर्टाच्या अंतिम आदेशात) पगाराचा कमी भाग जप्त होतो, पण निर्वाहाच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित असतो, दोन तृतीयांशपर्यंत जप्ती येऊ शकते. आदेश कंपनीच्या पगार विभागाला जातो, तो पाळला नाही तर कंपनी स्वतः जबाबदार ठरते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. वडील शेतकरी असतील तर साखर कारखान्याकडून येणं असलेलं उसाचं बिल किंवा दूध संघाकडची रक्कम त्या संस्थेला आदेश देऊन अडवता येते. जमीन असेल तर दाव्यातच त्या जमिनीवर पोटगीचा बोजा (रकमेचा हक्क) मागा आणि हुकूमनामा झाल्यावर सातबाऱ्यावर इतर हक्कांत त्याची नोंद करून घ्या. बोजा आपोआप बसत नाही, हुकूमनाम्यात तो लिहिलेला असावा लागतो.

ज्यांच्या कन्सेंट टर्म्समध्ये मुलासाठी दरमहा रक्कम ठरलेली आहे आणि त्या टर्म्स हुकूमनाम्याचा भाग आहेत, त्यांची स्थिती तुमच्यापेक्षा बरीच बरी. त्यांना नवा दावा लागत नाही. थेट दरखास्त दाखल करायची, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे प्रत्येक चुकलेल्या हप्त्यापासून १२ वर्षांची मुदत आहे. त्यांनी आधी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढून टर्म्स त्याला जोडलेल्या आहेत की नाहीत, ते बघावं.

वडील परदेशात असतील तर मुलांच्या पोटगीच्या २००७ च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे इथला आदेश तिथे सहज चालत नाही. अशा वेळी त्यांची भारतातली मालमत्ता शोधा: फ्लॅट, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, बँकेतल्या ठेवी. दाव्यासोबतच ती विकण्यास मनाई मागा.

वयाचं एक सांगायला हवं. कलम १४४ खाली पोटगी मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, शारीरिक किंवा मानसिक कारणाने ते स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर पुढेही. हिंदू अविवाहित मुलीला मात्र हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली १८ नंतरही हक्क आहे, स्वतःच्या कमाईतून भागत नसेल तोवर. २०२० च्या अभिलाषा विरुद्ध प्रकाश निकालाने हे दोन मार्ग वेगळे करून सांगितले आहेत. मुलाला १८ पूर्ण झाल्यावर कॉलेजची फी या कलमांखाली मागणं अवघड जातं, म्हणून पुढच्या शिक्षणाची तरतूद तडजोडीच्या अटींत आत्ताच लिहून घेता आली तर घ्या. फी वाढली की नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १४६ खाली वाढीचा अर्ज त्याच वर्षी द्या, मागच्या वर्षांची वाढ नंतर मिळवणं कठीण असतं.

खर्चाची भीती बाळगू नका. महाराष्ट्रात निर्वाहाच्या प्रकरणांत महिला पक्षकारांना १९९४ च्या शासन अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. पहिल्या भेटीला मुलाचा जन्मदाखला, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची आणि कन्सेंट टर्म्सची प्रत, तीन वर्षांची शाळेची फी, तुमची बँक विवरणपत्रं, वडिलांचा सध्याचा पत्ता व कंपनीचं नाव, आणि आतापर्यंत त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार यादी, एवढं घेऊन जा.